ऑइल पामच्या रोपांना फक्त द्रवरूप सेंद्रिय खत चालेल काय? जीवामृत, गोमूत्र, स्लरी कुणी वापरतंय?

रोपवाटिका_नंदगड
नमस्कार मंडळी. आमची नंदगडच्या बाजूला छोटी नर्सरी आहे, सुपारी, नारळ, मिरी, काजूची कलमं असं चालतं. औंदा एका पाहुण्यांनी आंध्रातनं ऑइल पामची (पाम तेल देणारं झाड) प्रायमरीतली, म्हणजे नर्सरीच्या पहिल्या टप्प्यातली लहान रोपं आणून दिली, ती आता मोठ्या काळ्या पिशव्यांत लावून झालीत. पान अजून चिरलेलं नाही, लांबट अखंड पानं आहेत, तीन-चार. पिशवीत आमच्याकडचीच लाल माती, वाळू आणि जुनं शेणखत सारखं-सारखं घातलंय.

विचारायचं असं की सुपारीसाठी जीवामृताचा (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात आंबवून केलेलं) ड्रम आमच्याकडे कायम चालू असतो, गोमूत्रही भरपूर मिळतं, घरचीच गुरं आहेत. रोपं देणारे म्हणतात रासायनिक खताचं मिश्रणच घाला, नाहीतर रोप उठणार नाही. मला शक्यतो रासायनिक नको आहे, पण पुढच्या वर्षी ही रोपं दुसऱ्याच्या शेतात जाणार आणि तिथं पंचवीस-तीस वर्षं उभी राहणार, त्यामुळं माझ्या हट्टापायी कमजोर रोप कुणाच्या गळ्यात घालायचं नाही. म्हणून विचारतेय. आणि एक, खालची पानं थोडी पिवळसर व्हायलीत, सगळ्यांची नाही पण बऱ्याच पिशव्यांत दिसतंय.

दूधगंगा_काठ
बिनधास्त घाला ताई. आम्ही ऊस, हळद, भाजी सगळ्याला जीवामृतच देतो. आठवड्याला एकदा पाजा, रोप कसं काळंभोर होतंय बघा.

कागवाड_ऊस
जीवामृतापेक्षा गोबरगॅसची स्लरी चांगली. आमच्याकडं उसाच्या रोपाला आम्ही स्लरी गाळून पाण्यात मिसळून देतो, मुळं पांढरी शुभ्र सुटतात. फक्त टाकीतनं काढल्या काढल्या ताजी घालू नका, चार दिवस उघडी ठेवून ढवळून मग.

अरभावी_पासआऊट
ताई, मी अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजातनं शिकलोय आणि पामच्या नर्सरीत थोडं काम केलंय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

आधी हिशोब. पिशवीतल्या पामच्या रोपाला आपल्याकडं शिफारस असते ती अशी, अमोनियम सल्फेट १ भाग, सुपर फॉस्फेट १ भाग, पोटॅश १ भाग आणि मॅग्नेशियम सल्फेट २ भाग, हे मिसळून पहिल्या महिन्यात १५ ग्रॅम, तिसऱ्या महिन्यात ४५ ग्रॅम, सहाव्या महिन्यात ६० ग्रॅम, खोडापासनं ६-८ सेंमी लांब गोलाकार. म्हणजे सहा महिन्यांपर्यंत १२० ग्रॅम मिश्रण. त्यात अमोनियम सल्फेट पाचवा हिस्सा म्हणजे २४ ग्रॅम, त्यातनं नत्र मिळतं साधारण ५ ग्रॅम.

आता जीवामृत. त्यातलं नत्र प्रत्येकाच्या ड्रमात वेगळं असतं पण हिशोबाला ०.१ टक्का धरू, म्हणजे लिटरला १ ग्रॅम. एकास दहा पातळ करून पिशवीला पाव लिटर घातलं तर एका वेळेला ०.०२५ ग्रॅमच्या आत. आठवड्याला एकदा वर्षभर घातलं तरी सव्वा ग्रॅमच्या वर जात नाही. शिफारशीच्या पाव हिस्सा, आणि तोसुद्धा वर्षभरात. जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. त्यानं मातीतले जिवाणू वाढतात, शेणखतातलं जे आहे ते मुळाला लवकर मिळतं, पण जे पिशवीत मुळातच नाही ते कुठनं येणार? शेतात खाली अख्खी जमीन असते, मूळ लांब जाऊन शोधतं. पिशवीत पंधरा-वीस किलो माती आणि तेवढंच सगळं.

आणि सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत रोप बियातल्या गरावरच जगत असतं, त्यामुळं प्रायमरीत सगळी रोपं सारखीच हिरवी दिसतात, काही घाला न घाला. खरी परीक्षा आत्ता तुमच्या पिशवीत आल्यावर सुरू होते.

दूधगंगा_काठ
हिशोब बरोबर असेल पण आमच्या शेतात रिझल्ट आहे. आकड्यात सगळं येत नाही सर.

अरभावी_पासआऊट
दादा तुमच्या शेतात रिझल्ट आहेच, मी नाही म्हणत नाही. दूधगंगेची काळी कसदार जमीन आहे ती, आणि ताईंची खानापूरची जांभ्याची लाल माती, त्यात वाळू मिसळलेली. फरक तिथं आहे.

लाल_माती
ताई पिवळेपणा कुठल्या पानावर आहे? वरच्या कोवळ्या की खालच्या जुन्या? आणि अख्खं पान फिकट की काही भागच? पानं एकमेकांवर येतात तिथं जरा नीट बघा. वरच्या पानाची सावली पडते तो भाग हिरवा आणि उन्हात उघडा राहिलेला भाग नारिंगी-पिवळा असेल तर ते मॅग्नेशियम. अख्खं पान सारखंच फिकट असेल तर नत्र कमी किंवा पिशवीत पाणी साचतंय. आमच्याकडं जांबोटी भागात पाऊस एवढा पडतो की जांभ्याच्या मातीतनं मॅग्नेशियम, पोटॅश धुऊनच जातं, सुपारीतसुद्धा हेच दिसतं.

रोपवाटिका_नंदगड
आत्ता जाऊन बघून आले. तुम्ही म्हणता तसंच आहे. सगळ्यात खालचं पान, त्यावर दुसरं पान आडवं आलंय, तेवढा पट्टा हिरवागार आणि त्याच्या दोन्ही बाजूला पिवळट-नारिंगी, पट्ट्याची कड पेन्सिलनं ओढल्यागत स्पष्ट. पान हातानं उचलून बघितलं तर खालची हिरवी रेघ वरच्या पानाच्या आकाराचीच. शेडनेटच्या कडेच्या, ऊन लागणाऱ्या पिशव्यांत जास्त, मधल्या ओळीत कमी. इतके दिवस मी ऊन जास्त लागतंय म्हणून नेट सरकवत होते.

अरभावी_पासआऊट
मग मॅग्नेशियमच. नेट सरकवून खूण झाकेल, भूक नाही जाणार. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा, पंधरा दिवसांनी परत, आणि पिशवीत मातीतूनही द्या. पिवळं झालेलं जुनं पान पूर्ण हिरवं होईलच असं नाही, नवीन पान कसं येतंय त्यावर नजर ठेवा.

वरच्या मिश्रणात मॅग्नेशियम सल्फेट दुप्पट का आहे ते यावरनं कळेल. पामला मॅग्नेशियमची भूक मोठी. गोमूत्र, जीवामृत, मासळीचा अर्क, कुठल्याच द्रवात ते पुरेसं नसतं. आणि तुम्हाला रासायनिक नको असेल तर एक लक्षात घ्या, खनिज मॅग्नेशियम सल्फेट सेंद्रिय शेतीच्या नियमांत अटींवर चालतं. प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर आधी प्रमाणन संस्थेला विचारून घ्या म्हणजे झालं.

हिडकल_पाणी
मूळ प्रश्नच वेगळा आहे माझा. ही पाम आपल्याकडं लावायची कशाला? मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, हेक्टरी १४३ झाडं, करा गुणाकार. उसानं आधीच घटप्रभेचं काय झालंय दिसतंय की. शिवाय घड तोडल्यावर २४ तासांत गिरणीत गेला पाहिजे, नाहीतर तेलात आम्लता वाढते आणि भाव पडतो. गिरणी जवळ नसेल तर कुणाला विकणार?

कागवाड_ऊस
हे मात्र खरं. उसाला कारखाना दारात आहे म्हणून ऊस.

अरभावी_पासआऊट
मुद्दा रास्त आहे. २०२१ च्या ऑगस्टात केंद्रानं खाद्यतेल मिशन काढलं, ११,०४० कोटींचं, त्यात रोपांची मदत हेक्टरी १२ हजारावरनं २९ हजार केली, म्हणून सगळीकडं चर्चा वाढली. पण अनुदान बघून नव्हे, पाणी आणि गिरणी बघूनच लावावं. ठिबक आणि गिरणीशी लेखी करार नसेल तर मी तरी लावा म्हणणार नाही. ताईंचा प्रश्न रोपाचा आहे, तेव्हा त्यावरच राहू.

जाता जाता, हे झाड आपल्या लोकांना अगदीच नवं नाही. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनं १९४७ ते १९५९ च्या दरम्यान पुण्याच्या आसपास कालव्याच्या बांधांवर, परसबागांत आफ्रिकन ड्यूरा जातीची पामची झाडं लावली होती. आता लावतात ती टेनेरा, म्हणजे ड्यूरा आणि पिसिफेरा या दोन जातींचा संकर, फळातल्या बीची कवटी पातळ आणि गर जास्त.

रोपवाटिका_नंदगड
पाण्याचं आणि गिरणीचं मी गिऱ्हाईकाला विकतानाच सांगणार आहे, ज्याच्याकडं दोन्ही नाही त्याला देणार नाही. आमच्या बाजूला तर हत्तीही येतात दांडेलीच्या जंगलातनं, कोवळ्या पामचा गाभा त्यांना आवडतो म्हणे, तेही सांगावं लागेल.

बरं, जीवामृताचं कळलं. पण गोमूत्रात तर नत्र चांगलं असतं ना? ते वेगळं दिलं तर?

अरभावी_पासआऊट
आता मुद्द्याला आलात. द्रवांमध्ये खरं नत्र गोमूत्रातच. साधारण ०.८ टक्का धरला तर लिटरला ८ ग्रॅम. एकास दहा पातळ केलं की लिटरला पाऊण ग्रॅमच्या जवळपास, पाव लिटर दिलं की एका वेळी ०.१८ ग्रॅम. आठवड्याला एकदा सहा महिने दिलं तरी साडेचार ग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे मिश्रणातल्या नत्राच्या बऱ्यापैकी जवळ. पण कागदावर. गोमूत्र उघड्या ड्रमात ठेवलं की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि उडून जातो, तो जो डोळ्याला झोंबणारा वास येतो ना, तो म्हणजे तुमचं नत्रच चाललंय. झाकण घट्ट ठेवा, शक्यतो आठवड्याच्या आतलं वापरा, थोडं आंबट ताक घातलं तर आम्लतेमुळं अमोनिया टिकतो. आणि चुलीतली राख त्यात अजिबात मिसळू नका, बरेच जण पोटॅशसाठी मिसळतात, राखेनं अल्कली वाढते आणि उरलंसुरलं नत्रही उडतं. राख द्यायचीच तर वेगळ्या दिवशी, थोडी, मातीत.

दुसरी काळजी मिठाची. गोमूत्रात क्षार भरपूर. शेतात पावसानं खाली जातात, पिशवीत साठत राहतात. पानाची टोकं करपायला लागली तर समजा. हजार-दीड हजारात ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र) मिळतो, पातळ केलेल्या पाण्याचा आकडा त्यावर दीडच्या (mS/cm) आत ठेवा. आणि कोरड्या पिशवीत कधीच घालायचं नाही, आधी साधं पाणी, मग हे.

दूधगंगा_काठ
ताक घालायचं माहीत नव्हतं सर. करून बघतो.

सदाशिवगड_मासळी
माझं सासर कारवारकडं आणि माहेर बेळगावात, म्हणून लिहिते. मासळी आणि गूळ समान वजनानं डब्यात तीन-चार आठवडे मुरवून जो अर्क निघतो तो लिटरला २-३ मिली टाकून पानावर मारतो आम्ही नारळाच्या रोपांवर. बांगड्याची डोकी, आतडी, बाजारात फुकट मिळतात. पान तकाकतं एकदम. फक्त वासानं कुत्री-मांजरं आणि रात्री रानडुकरं येतात, पिशव्या उकरून टाकतात, त्यामुळं मातीत घालू नका, पानावरच.

लाल_माती
केळीच्या खोडाचा रस पण बघा अक्का. पोटॅश चांगला असतो त्यात. नवसारीच्या कृषी विद्यापीठानं त्यापासनं द्रवरूप सेंद्रिय खतच तयार केलंय. नंदगड-खानापूर भागात केळीचा घड काढल्यावर खोडं बांधावर कुजतच पडतात. इंडोनेशियातही पामच्या रोपांवर अशा द्रवांचे भरपूर प्रयोग होतात, केळीच्या खोडाचं, गुरांच्या मुताचं, टोफू करताना उरलेल्या पाण्याचं.

कागवाड_ऊस
आमच्याकडं डिस्टिलरीचं स्पेंटवॉश (मळीपासनं दारू काढल्यावर उरलेलं पाणी) टँकरनं मिळतं, त्यात पोटॅश लई असतंय असं सांगतात. ते चालेल काय?

अरभावी_पासआऊट
नको. पोटॅश आहे हे खरं, पण क्षार आणि कुजणारा माल एवढा असतो की पिशवीतल्या मुळाला प्राणवायूच राहत नाही. मोकळ्या रानातसुद्धा ते नियम पाळून, प्रमाणात, पेरणीच्या आधी देतात. रोपाला बिलकुल नाही. प्रेसमड (साखर कारखान्यात रस गाळून उरलेला गाळ) मात्र नीट कुजवून मातीत मिसळला तर चालतो.

लाल_माती
एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती जास्त महत्त्वाची वाटते मला. ताई, तुमचा शेणाचा उकिरडा नर्सरीपासनं किती लांब आहे? गेंडा भुंगा शेणखतातच अंडी घालतो. अळी शेणात वाढते आणि भुंगा उडून येऊन पामचा, नारळाचा सुरळीतला कोवळा कोंब पोखरतो. पान उघडलं की कात्रीनं कापल्यागत त्रिकोणी कापलेलं दिसतं. सेंद्रिय करायचं म्हणून शेणाचे ढीग आणि ड्रम रोपांच्या कडेला ठेवले तर आपणच त्याला पाळल्यासारखं होतं. आमच्या शेजारच्या नारळाच्या नर्सरीत हेच झालं.

ढीग दर दोन-तीन आठवड्यांनी उलटा, मोठ्या पांढऱ्या इंग्रजी सी अक्षरागत वळलेल्या अळ्या दिसल्या की वेचून कोंबड्यांना घाला, आणि मेटारायझियम बुरशीचं कल्चर ढिगात मिसळा, त्यानं अळ्या मरतात. उसातली हुमणी वेगळी, ती जिवंत मुळं खाते, त्यामुळं पिशवीत घालायचं शेणखत आधी चाळून घ्या, दोन्ही निघतात.

रोपवाटिका_नंदगड
ढीग अगदी नेटला लागून आहे ओ. उद्याच हलवायला सांगते. मेटारायझियम आमच्या रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याचं) मिळेल काय?

हिडकल_पाणी
केंद्रात स्टॉक कधी असतो कधी नसतो. मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात विचारा, जिवाणू-बुरशीची कल्चरं तिथं मिळतात. फोन करून जा. पाकिटावरची तारीख बघा, उन्हात ठेवलेलं घेऊ नका. (मी पाम लावू नका म्हणालो खरं, पण रोपं आलीच आहेत तर ती चांगली व्हावीत.)

अरभावी_पासआऊट
ताई, माझं म्हणणं असं की सगळ्या रोपांवर एकच प्रयोग करू नका. ओळी वाटून घ्या. एका ओळीला फक्त पाणी, एकीला पूर्ण मिश्रण, एकीला फक्त तुमचं गोमूत्र-जीवामृत आणि वरून मॅग्नेशियम, आणि एकीला निम्मं मिश्रण अधिक द्रव. ओळी शेडनेटच्या एकाच बाजूला नकोत, कडेची ओळ आणि मधली ओळ यांत उन्हानंच फरक पडतो, तुम्ही स्वतः बघितलंय. प्रत्येक प्रकाराच्या थोड्या पिशव्या कडेला, थोड्या मध्ये. पाटीवर खडूनं नको, पावसात पुसतं, पिशवीलाच रंगाची टिकली लावा.

आणि मोजताना उंचीवर जाऊ नका. पिशव्या दाटीत ठेवल्या की रोप उजेडासाठी उंच होतं, बघणाऱ्याला भारी वाटतं, पण बुंधा बारीक राहतो आणि शेतात वाऱ्यानं कलंडतं. सुतळी घेऊन जमिनीलगत बुंध्याचा घेर मोजा आणि पानं मोजा. बारा-चौदा महिन्यांचं लावणीयोग्य रोप म्हणजे एक ते सव्वा मीटर उंची, तेराच्या आसपास चांगली पानं, बुंध्याचा घेर २०-२५ सेंमी. वाढतील तशी पिशव्यांत ९० सेंमी अंतर ठेवा, त्रिकोणी मांडणीत. जागा लागते, पण तिथं कंजूषी नको.

माझा अंदाज सांगू? निम्मं मिश्रण अधिक द्रव ही ओळ पुढं राहील. पूर्ण मिश्रणाच्या बरोबरीनं किंवा थोडी वरचढ, आणि मुळं चांगली. फक्त द्रवाची ओळ मागं राहील, पण मॅग्नेशियम दिलं आणि शेणखत, गांडूळखत दोन-तीनदा वरून टाकलं तर फार मागं नाही. पण हा अंदाज आहे, ओळी काय सांगतात ते बघूच.

दूधगंगा_काठ
मी पैजेवर सांगतो द्रवाची ओळ मागं नाही पडणार.

सदाशिवगड_मासळी
ताई ओळींचे फोटो टाकत जा इथं, आम्हालाही कळेल.

लाल_माती
आणि वेडीवाकडी रोपं काढून टाकायची ती वेगळी. गवतागत बारीक पानं, सरळ ताठ उभं राहणारं, पान उघडतच नाही असं, पिळवटलेलं, ती जातीचीच खोट असते, कितीही खत पाजा सुधारत नाहीत. चांगल्या नर्सरीतही त्यापायी बरीच रोपं बाद करतात. दया दाखवायची नाही, कारण गिऱ्हाईकाला फळ लागायला तीन-चार वर्षं जातात आणि तोवर कुणालाच कळत नाही. रोपं आणली त्यांच्याकडनं बियाणं कुठलं, टेनेराच आहे ना, याची पावती मागून ठेवा. ती नसेल तर विकू नका असं माझं स्पष्ट मत.

रोपवाटिका_नंदगड
पावतीचं बरं सांगितलं, पाहुण्यांना आजच फोन करते, कागद हातात येईपर्यंत बुकिंग घेणार नाही. चार ओळी करते, टिकल्या लावते. मॅग्नेशियम सल्फेट बेळगावातनं येताना मालक आणतायत. एकच शंका, आमच्याकडं जून-जुलैत झड लागते, आठ-आठ दिवस ऊन नसतं. तेव्हा द्रव द्यायचं की थांबवायचं?

अरभावी_पासआऊट
झडीत थांबवा. पिशवी ओली गच्च असताना घातलेलं भोकातनं खाली वाहून जातं आणि गूळ-बेसनामुळं वर बुरशी धरते, पानावर करपाचे ठिपकेही त्याच दिवसांत येतात. पिशव्यांची भोकं बुजलीत का ते तेवढं बघा, जांभ्याची बारीक माती भोकात बसते, काडीनं मोकळी करा. पिशव्या थेट जमिनीवर न ठेवता खाली खडीचा थर द्या. झड उघडली, दोन-तीन दिवस ऊन पडलं, वरची माती बोटाला कोरडी लागली की परत सुरू करा, पहिल्या वेळी एकास पंधरा पातळ, नंतर नेहमीसारखं. मिश्रणाचा हप्ताही झडीच्या आधी किंवा नंतर, मध्ये नाही. आणि गोमूत्र त्या दिवसांत साठवून ठेवू नका, सुपारीच्या आळ्यात घालून टाका, पामसाठी ताजं धरा.